तिसरं पातं

सासऱ्यांच्या भट्टीवर मी घण मारायला लागले तेव्हा माझ्या लग्नाला चार महिने झाले होते. सासूबाई त्याआधीच वारल्या होत्या. त्या होत्या तोवर घण त्याच मारायच्या. लोहाराच्या घरात घण बाईच्या हातात असतो, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पुरुष ऐरणीपुढं बसून सांडशीत तापलं लोखंड धरतो, छोट्या हातोड्यानं जागा दाखवतो आणि समोर उभी असलेली बाई त्या जागेवर घण घालते. माझी आईही माहेरी हेच करायची. त्यामुळं मामांनी पहिल्या दिवशी, "जमंल का गं?" असं विचारलं तेव्हा मी पदर खोचला आणि घण उचलला. मामा म्हणजे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात.

माझा नवरा शिरोलीला एका फाउंड्रीत स्टोअरला होता. सकाळी डबा घेऊन जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. भट्टी, मामा आणि मी, असा आमचा दिवस असायचा. कोल्हापूरहून कागलकडं जाताना हायवेच्या कडेला आमचं पत्र्याचं शेड होतं. विळे, खुरपी, कुऱ्हाडी आणि ऊसतोडीचे कोयते हे आमचं काम. मामांच्या कोयत्याला लांबलांबून माणसं यायची, कारण त्यांच्या हातचं पाणी चांगलं होतं. पाणी देणं म्हणजे तयार झालेलं हत्यार पुन्हा तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवायचं. त्यानं धार कडक होते. पण ते किती तापलंय याला सगळं महत्त्व. कमी तापलं तर मऊ राहतं, जास्त तापलं तर काचेसारखं तडकतं. मामांकडं त्याचं मोजमाप एकच, रंग. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला की काढायचं. केशरी झाला की चुकलं.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. दिवाळी होऊन गेली होती. एके दिवशी सकाळी एक उंच, ताठ माणूस सायकलवरून उतरला. पायात मिलिटरीचे बूट. शेजारच्याच गावचा, फौजेतून पेन्शनीवर आलेला. असल्या माणसाला आमच्याकडं सगळे मेजरच म्हणतात, मग तो फौजेत कोणीही असो. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. कुठल्याशा इंग्रजी मासिकातलं पान होतं. त्यावर एका मोठ्या सुऱ्याचं चित्र. पातं चांगलं नऊ-दहा इंचांचं, रुंद. पाठ सरळ जाते आणि टोकाजवळ आतून कोरल्यासारखी खाली उतरते, त्यामुळं टोक वर उचलल्यासारखं दिसतं.

"याला बोवी म्हणत्यात, मिस्त्री," मेजर म्हणाला. "अमेरिकेत शिकारीला वापरायचे. असला एक करून पायजे."

मामांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. मग माझ्या हातात दिला. "बघ गं, टोक कसं हाय."

मला वाटलं, इंग्रजी लिहिलंय म्हणून दिला असेल.

"शिकार कशाची करणार मेजर?" मामा हसत म्हणाले. "हितं उसात कोल्ही सोडून काय हाय?"

"शिकार कसली ओ. हौस हाय. बावीस वर्षं सरकारची बंदूक पुसली. आपलं म्हणून एक हत्यार असावं की."

यात वावगं काही वाटलं नाही. हौशी माणसं येतात. कुणी बैलाच्या गळ्यातली घंटा घडवून नेतं, कुणी घराच्या दाराला जुन्या पद्धतीची कडी मागतं. मामांनाही रोजच्या खुरप्यांतून काहीतरी वेगळं मिळालं म्हणून बरंच वाटलं.

मेजरनं स्वतःच भंगारातून ट्रकचा पाटा आणला. ट्रकच्या चाकांवर जी कमानीसारखी जाड पट्टी असते तिला पाटा म्हणतात. ते पोलाद चिवट असतं. छिन्नीनं तुकडा तोडला, तापवून कमान सरळ केली आणि पातं ओढायला, म्हणजे ठोकून लांब करायला, घेतलं. चार दिवस रोजच्या कामातून वेळ काढून आम्ही ते घडवत होतो. मेजर रोज यायचा. उपड्या डब्यावर बसायचा, भट्टीला वारा देणाऱ्या पंख्याचा दांडा फिरवायचा, फौजेच्या वर्कशॉपातल्या गोष्टी सांगायचा. हसरा माणूस. मला वैनी म्हणायचा. चहा झाला की कप स्वतः विसळून ठेवायचा. आमच्याकडं येणाऱ्या माणसांत असं करणारा दुसरा कोणी मी पाहिला नाही.

पाणी द्यायचा दिवस आला. मामांनी पातं निखाऱ्यात घातलं. मी पंखा फिरवत होते. पातं लाल झालं, मला वाटलं आता काढतील. काढलं नाही. केशरी झालं.

"मामा, लई झालं न्हवं?"

"थांब. अजून आलं न्हाय."

ते पिवळं पडायला लागलं तेव्हा मामांनी काढलं आणि पाण्यात घातलं. टण्ण असा बारीक आवाज आला. एवढासा आवाज, पण भट्टीवर ज्यानं काम केलंय त्याला तो लगेच कळतो. मामांनी पातं वर काढून अंगठा फिरवला. धारेपासून वर मधोमध केसासारखी चीर गेली होती.

"पाटाच तडकलेला होता आधीचा," मामा म्हणाले.

मेजर दोन दिवसांनी दुसरा पाटा घेऊन आला.

दुसऱ्या वेळी उलटं झालं. पहिल्याची धास्ती मनात असणार. मामांनी पातं फारच लवकर काढलं, नुसता काळपट लाल असताना. या वेळी तेलात बुडवलं. तडकलं नाही. पण थंड झाल्यावर धारेवर कानस घासली तर लाकडात घुसावी तशी घुसली. कडक झालेल्या धारेवरून कानस घसरते, घुसत नाही. मामा पुन्हा पुन्हा कानस फिरवत राहिले. मेजर आधी मामांकडं बघत होता, मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घातली. तोवर मलाही कळलं होतं, पण कळलंय हे स्वतःशी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेजरनं जुन्या भोंग्यातलं चुंबक आणलं, तारेला बांधून. "पोलाद नीट तापलं की चुंबक त्याला धरत न्हाय, मिस्त्री. आमच्या वर्कशॉपात असंच बघायचे. तारेनं लावून बघायचं, धरायचं बंद झालं की काढायचं. सोपं हाय."

मामांचा चेहरा असा झाला की मी पंखा थांबवला.

"चाळीस वर्षं झाली मला या भट्टीपुढं," ते म्हणाले. "लोखंड तापलंय का न्हाय ते आता भोंग्यातलं चुंबक सांगणार व्हय मला?" आणि त्यांनी ते रस्त्यावर भिरकावलं.

मेजर उठला, चुंबक उचलून आणलं, धूळ झटकून खिशात टाकलं. "राहिलं, मिस्त्री. राहिलं." हसतच म्हणाला. मग मी हापशावर घागर भरायला गेले तेव्हा तो मागून आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वैनी, मिस्त्रींना रंग दिसंना झालाय. तुमी बघत जावा. मी कुणाला बोलणार न्हाय."

मला रडू आलं. कुणीतरी ते बोलून दाखवलं म्हणून असेल.

मी दोन दिवस विचार केला. मग एका सकाळी मामांना म्हटलं, "मामा, मला पाणी द्यायचं शिकवा की. रंग मी सांगते, चुकलं तर तुमी बोला."

मामांनी विडीचं थोटूक विझवलं.  हायवेवरून चार-पाच ट्रक गेले असतील. मग म्हणाले, "बरं."

बस्स, तेवढंच. त्यांना दिसत नाही हे त्यांनी कबूल केलं नाही आणि मी विचारलं नाही. शिकवण्याचं सोंग आम्ही दोघांनी पुढं चार वर्षं नेलं.

तिसरं पातं घडवताना माझ्या हातून एक चूक झाली. घण तिरका बसला आणि मूठ येते त्याच्या जरा वर, पाठीला एक खळगा पडला. मी घाबरले. मामांनी अंगठा फिरवून बघितला. "राहू दे. पाठीला हाय, धारेला न्हाय." कानशीनं त्यांनी कडा गुळगुळीत केल्या, पण खळगा राहिला.

पाणी द्यायला आम्ही सकाळची वेळ धरली, ऊन शेडात यायच्या आत. उन्हात रंग खोटा दिसतो. तेल कोमट करून ठेवलं होतं. मी पात्याकडं बघत होते. काळं, मग वांग्याच्या सालीसारखं, मग विटकरी. मामा सांडशी धरून पातं निखाऱ्यात पुढं-मागं करत होते, सगळीकडं सारखं तापावं म्हणून. मेजर डब्यावर बसला होता, पण त्या दिवशी गोष्टी सांगत नव्हता. डाळिंबाचा दाणा दिसला, आधी टोकाला, मग पोटाला, मग सगळीकडं.

"आता," मी म्हटलं.

मामांनी क्षणाचाही वेळ लावला नाही. पातं सरळ तेलात गेलं. जाळ उठला, धूर झाला आणि तो टण्ण आवाज आला नाही. थंड झाल्यावर कानस लावली. सुर्रकन घसरली.

मग पाणी उतरवायचं काम. कडक झालेलं पातं तसंच ठेवलं तर ठिसूळ राहतं, म्हणून घासून उजळ करून पाठीकडून पुन्हा हळूहळू ऊब द्यायची. उजळ पोलादावर रंग धावायला लागतात. मी सांगत होते, "वाळल्या गवतागत पिवळा आला... आता तांबूस... पाठीला जांभळा." धारेला तांबूस पोचला तसं मामांनी थांबवलं. शिसवीची मूठ, पितळेची आडवी पट्टी, दोन खिळे. ग्राइंडरवर धार काढली. मेजरनं दोन्ही हातांनी सुरा घेऊन कपाळाला लावला आणि मग आधी मामांच्या, मग माझ्या पाया पडला. मी मागं सरले. माझ्याहून वयानं मोठा माणूस.

"कुणी केला विचारलं तर सांगा की मिस्त्रींनी केला," मी म्हटलं.

"तेच सांगणार," तो म्हणाला.

मामांना आम्ही राजारामपुरीत एका डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. मोतीबिंदू होता, तो काढता आला असता. पण आतला पडदाच खराब झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" मामा म्हणाले, "शेती." डॉक्टरांनी त्यांच्या हातांवरचे भाजल्याचे डाग बघितले आणि पुढं काही विचारलं नाही.

असेच दिवस गेले. कोयते घडत होते, मी "आता" म्हणत होते, गिऱ्हाइकं मामांच्या पाण्याची तारीफ करत होती. मेजर कधी रस्त्यानं जाताना थांबायचा. सुरा कमरेला असायचा, स्वतः शिवलेल्या चामड्याच्या म्यानात.

तिसऱ्या वर्षी, ऊस कमरेएवढा झाला होता तेव्हा, मेजरनं आपल्या चुलत भावाला मारलं.

भांडण वाटेचं होतं. मेजरच्या रानाकडं जाणारी वाट त्या भावाच्या बांधावरून होती आणि भावानं ती नांगरून टाकली होती. असली भांडणं आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालतात, शिव्यागाळी होते, पंच बसतात. त्या दिवशी दोघं बांधावर समोरासमोर आले आणि मेजरच्या कमरेला सुरा होता. नुसते हात असते तर कदाचित कुणाचं डोकं फुटलं असतं, एवढंच. हे मी नंतर हजार वेळा मनात घोळवलं आहे.

मेलेला माणूसही आमचं गिऱ्हाईक होता. त्याचे विळे धार लावायला यायचे. घाईचा माणूस, सायकलवरून न उतरताच विळा पुढं करायचा.

मेजरनं सुरा विहिरीत टाकला होता. पोलिसांनी विहीर उपसून काढला. गावात सगळ्यांना माहीत होतं की तो कुठं घडवला, म्हणून फौजदार आमच्या शेडावर आले. मामांचा जबाब घेतला. सुरा तुम्ही केला का, कधी केला, कुणासाठी केला. मी चहा केला. मला कुणी काही विचारलं नाही. लिहून झाल्यावर फौजदार सहज बोलल्यासारखं म्हणाले, "हाडावर बसलाय, म्हातारबा. पण धारेला एक खाच पडली न्हाय."

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. एक क्षणभर, नीट पाणी बसलं म्हणून. मग कपबशा घेऊन आत गेले आणि चुलीपुढं बसले.  

खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. एक गडी बांधावर होता, त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं, पण तो फिरला. मग सुऱ्याला महत्त्व आलं. मेजरचं म्हणणं होतं की विहिरीत सापडलेला सुरा त्याचा नाहीच, त्याचा कधीच हरवला.

साक्षीच्या आधी आठवडाभर मेजरची बायको आली. भर दुपारी, पायात चपला नाहीत. उंबऱ्याशी बसली. पाणी दिलं तर तांब्या तसाच हातात धरून बसली.

"अक्का, मी काय खोटं बोला म्हणाया आली न्हाय," ती म्हणाली. "मामांना दिसत न्हाय, हे खरंच हाय की न्हाय? मग तेवढंच सांगा. दिसत न्हाय, ओळखता येत न्हाय. बास. खोटं कुठं हाय त्यात?"

"तुमाला कुणी सांगितलं दिसत न्हाय म्हणून?"

"ह्यांनीच वकिलाला सांगितलंय."

म्हणजे मेजरनं हापशावर दिलेला शब्द मोडला होता. मला राग यायला हवा होता. पण समोर ती बाई तांब्या धरून बसलेली. जीव वाचवायला माणूस काय सांगणार नाही? मी म्हटलं, "मामांना विचारते." मामा आतल्या खोलीत बाजेवर होते. सगळं ऐकलं होतं. ती गेल्यावरही बाहेर आले नाहीत.

नवऱ्याचं मत सरळ होतं. "सांगून टाका. दिसत न्हाय तर न्हाय. तुमी काय बघितलंय मारताना? कशाला दोन घरांच्या मधी पडायचं?" मामा जेवत होते. भाकरी चाचपून तुकडा मोडला आणि म्हणाले, "बघू."

कोल्हापूरला कोर्टात मीच त्यांना घेऊन गेले. धुतलेलं धोतर, नवी टोपी. एसटीतून उतरल्यापासून त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. कोर्टाच्या लांब व्हरांड्यात आम्ही दुपारपर्यंत बाकावर बसलो. मग पुकारा झाला.

मेजर आरोपीच्या जागेवर उभा होता. वाळला होता, पण उभा तसाच ताठ. सरकारी वकिलांनी सुरा मामांच्या हातात दिला. कोर्ट शांत होतं, वर पंखा कुरकुरत होता. मामांनी मूठ धरली, पातं तोललं, मग उजवा अंगठा पाठीवरून सावकाश टोकाकडं नेला आणि परत आणला. मुठीच्या वर येऊन अंगठा थांबला.

"व्हय. माझ्या भट्टीचा हाय."

मेजरचा वकील उठला. पोरगेलासा होता, आवाज मोठा.

"बाबा, माझ्या हातात काय आहे?"

"दिसत न्हाय."

"किती बोटं आहेत ही?"

"दिसत न्हाय."

मागं कुणीतरी हसलं.

"मग सुरा कसा ओळखलात? पोलिसांनी सांगितलं म्हणून?"

"हातानं ओळखला. मुठीच्या वर पाठीला खळगा हाय, बघा. घण तिरका बसलता."

"घण तुमचा तिरका बसला? इतकी वर्षं काम करून?"

"माझा न्हाय. सुनंचा."

वकील हसला. त्याला वाटलं माणूस सापडला. "बरं बाबा, तुम्हाला दिसतच नाही, तर असला सुरा तुम्ही केलाच कसा? तापलेल्या लोखंडाचा रंग कोण बघतं?"

 मला त्यांची पाठ दिसत होती, चेहरा दिसत नव्हता.

"सून बघती," ते म्हणाले. "हा सुरा केला तवापासनं तीच बघती. ती आता म्हणती, मी बुडवतो. पाणी तिच्या हातचं हाय."

टाइपरायटर खडखडला. ते लिहिलं जात होतं. जज्जांनी मान वर करून विचारलं, "सून आली आहे का?" मी उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि बसायची खूण केली. मी घरून उत्तरं ठरवून आले होते. कुणी एक प्रश्न विचारला नाही.

बाहेर पडताना मेजरला पोलीस घेऊन चालले होते. आमच्याजवळून जाताना तो म्हणाला, "मिस्त्री, बरं हाय न्हवं?"

मामांनी आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. "बरं हाय," म्हणाले. पोलिसानं त्याला पुढं ओढलं.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "मामा, नुसतं दिसत न्हाय म्हटलं असतं तर चाललं असतं की. कोण काय म्हणणार होतं?"

"हातात दिला की त्यांनी," मामा म्हणाले. "हाताला कळलं. मग न्हाय कसं म्हणायचं?"

"मग मला कशाला मधी आणलं?"

"तूच केलतीस की."

 चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते मला म्हटलं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. सुतळीनं बांधलेल्या टिनाच्या पेट्या घेऊन माणसं चढत-उतरत होती. त्या तीन शब्दांचं मी काय करावं हे मला तेव्हा कळलं नाही, नंतरही नाही. आयुष्यात मला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी तीच आणि त्याच शब्दांत एका माणसाचा जीवही.

मेजरला जन्मठेप झाली. त्याची बायको आमच्या दारावरून जाताना तोंड फिरवायची. पुढं तिनं ती वाटच सोडली.

कोर्टातली गोष्ट गावात यायला वेळ लागला नाही. लोहार आंधळा झालाय, बाई पाणी देतीय. आधी थट्टा झाली, मग माणसं कमी झाली. एक जण कोयता परत घेऊन आला, सहा महिन्यांपूर्वी ज्याची तारीफ करून गेला होता तोच. "मिस्त्री, हा मऊ लागतोय." मी कानस लावून दाखवली. घसरली. तरी म्हणाला, "न्हाय, मऊच हाय." बाजारात तयार कोयतेही यायला लागले होते, हे खरं. पण आमची भट्टी बंद पडायची सुरुवात त्या साक्षीपासून झाली.

नवरा मामांशी बरेच दिवस बोलला नाही. मामा रोज सकाळी शेडात येऊन ऐरणीपाशी बसायचे. काम नसलं तरी कोळसा पेटवायला लावायचे.

अशाच एका दिवशी एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. मी तिला ओळखलं. मेलेल्या चुलत भावाची बायको. इतक्या दिवसांत ती कधी आमच्याकडं आली नव्हती. तिनं पिशवीतून दोन खुरपी काढली, तोंडं झिजून वाटोळी झालेली.

"कोण हाय?" मामांनी विचारलं.

मी सांगितलं. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"रान आता मलाच बघाया लागतंय," ती म्हणाली. "ह्यानं तण निघंना, भांगलण हुईना."

मी पंखा फिरवायला लागले. खुरपी तापवून, ठोकून, तोंडं सरळ केली. ती डब्यावर बसली नाही, उभीच राहिली. पाणी द्यायची वेळ आली तशी ती भट्टीजवळ आली आणि निखाऱ्यात बघायला लागली.

"तुमीच सांगता म्हणं, कधी काढायचं ते."

"व्हय."

"ते पण असंच सांगितलतं?"

मामांच्या हातातली सांडशी थांबली. खुरपं निखाऱ्यात लाल होत चाललं होतं. मला वाटलं काहीतरी बोलावं, माफी मागावी, पण कुणाची आणि कशाची मागायची हे सुचेना.

"व्हय," मी म्हटलं. "असंच."

तिनं मान हलवली. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसती बघत राहिली. मी मोठ्या कष्टानं नजर तिच्यावरून काढून खुरप्यावर आणली, कारण रंग आला होता.

"आता," मी म्हटलं. मामांनी बुडवलं.

दुसरंही झालं. ती दोन्ही खुरपी पिशवीत घालून गेली. त्यानंतर वर्षातनं दोनदा येत राहिली, भांगलणीच्या आधी. तिच्याशी माझं कधीच जास्त बोलणं झालं नाही. बाकीच्यांनी येणं सोडलं तेव्हाही ती येत होती. का येत होती, हे मी तिला विचारलं नाही.

मामा गेल्यावर दीड वर्षात हायवे रुंद झाला आणि शेड त्यात गेलं. पत्रे नवऱ्यानं काढून परसात रचले. ऐरण माझ्या भावानं माहेरी नेली, टेम्पोत चढवायला पाच माणसं लागली. त्या उन्हाळ्यात मी मंडईत त्या खुरप्यांच्या बाईला लांबून बघितलं. वांगी निवडत होती. मी हाक मारणार होते, पण हाक कोणत्या नात्यानं मारावी ते ठरेना, आणि तेवढ्यात ती गर्दीत पुढं गेली.